प्रमाणपत्रांचे प्रशिक्षण आणि वर्गातील तंत्रज्ञान : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत प्राध्यापकांच्या ई-मेलमध्ये प्रमाणपत्रांची रीघ लागली. आज एका महाविद्यालयाचे वेबिनार, उद्या दुसऱ्याची सात दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा, परवा तिसऱ्याची प्रश्नमंजूषा. दहा प्रश्न सोडवले की रंगीत ई-प्रमाणपत्र घरपोच. सातारा आणि सांगली हे जिल्हे याला अपवाद नव्हते. सत्राच्या शेवटी अभिप्रायाचा अर्ज चॅटमध्ये केव्हा येतो याची वाट पाहत कॅमेरा बंद करून बसलेले शंभर-दीडशे प्राध्यापक, हे त्या काळातील व्यावसायिक विकासाचे प्रातिनिधिक चित्र म्हणता येईल.

त्या परिस्थितीत दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न योग्यच आहे. परंतु टाळेबंदी संपून वर्ग पुन्हा भरू लागल्यानंतर एक वेगळा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. एवढ्या प्रशिक्षणानंतर आपल्या वर्गात नेमके काय बदलले? पूर्वी खडूने फळ्यावर लिहिले जाणारे मुद्दे आता स्लाइडवर दिसतात. पूर्वी विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत असे, आता तो मोबाईलवर फोटो काढतो. उतरवून घेताना निदान एकदा तरी ते वाक्य त्याच्या डोक्यातून जात होते, असे कोणी म्हटले तर त्याचे खंडन करणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शिक्षक तंत्रज्ञान आत्मसात करतो तो साधनाच्या प्रात्यक्षिकातून नव्हे, तर स्वतःच्या विषयाचा एखादा घटक, स्वतःच्याच विद्यार्थ्यांपुढे, सहकाऱ्यांच्या देखत पुनःपुन्हा शिकवून. याचा पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सातारा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये तो उपलब्ध आहे. महाविद्यालयीन वर्तुळाने त्याची पुरेशी दखल घेतली नाही, ही या लेखामागील प्रेरणा होय.

उद्बोधन वर्गापासून वेबिनारपर्यंत

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना राबवली. 2015 मध्ये त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि 2023 पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जाऊ लागली. नावे तीन झाली, परंतु उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग यांचा साचा बराचसा तोच राहिला. प्राध्यापक आपल्या वर्गापासून दूर तीन-चार आठवडे राहतो, अनेक तज्ज्ञांची व्याख्याने ऐकतो, शेवटी एक सादरीकरण करतो आणि परततो. परतल्यावर त्याच्या वर्गात कोणी डोकावत नाही. या वर्गांतून मिळणारा वैचारिक सहवास मोलाचा असतो, हे मान्य केलेच पाहिजे. अनेकांची आयुष्यभराची मैत्री तेथेच जुळते. मात्र त्या वर्गाचा हिशेब पदोन्नतीच्या अर्जात होतो, विद्यार्थ्याच्या आकलनात होत नाही.

संगणकाच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव थोडा वेगळा आहे. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक वर्ग पोहोचवले. शासकीय कर्मचारी आणि शिक्षक यांना संगणक अर्हता बंधनकारक झाली, ती मुदतीत न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढींचे प्रश्न उभे राहिले आणि एक संपूर्ण पिढी कळफलकासमोर बसली. या अभ्यासक्रमाची थट्टा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु माउस हातात धरण्याची भीती त्यानेच घालवली हे विसरता येणार नाही. त्याची मर्यादा अन्यत्र होती. त्याने शिक्षकाला संगणक वापरणारा कर्मचारी मानले. शिकवणारा म्हणून त्याला कोणत्या अडचणी येतात, हा प्रश्न त्या चौकटीत येतच नव्हता.

मराठीच्या शिक्षकाची अडचण पाहा. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध झाल्यावरही कित्येक विभागांतील जुन्या टिपणांचे गठ्ठे जुन्याच फॉन्टमध्ये अडकून राहिले. एखाद्या दुपारी चार सहकाऱ्यांनी एकत्र बसून सोडवावा असा हा प्रश्न. तो न सुटल्यामुळे अनेकांनी मराठीतून डिजिटल साहित्य तयार करण्याचा नादच सोडला. प्रशिक्षणाच्या अहवालात ही हानी कोठेही नोंदली गेलेली नाही.

पुढे 2017 साली नॅकने सुधारित मूल्यांकन चौकट आणली. तीत माहिती-तंत्रज्ञानाचा वापर करणारे शिक्षक आणि विकास कार्यक्रमांत सहभागी झालेले शिक्षक यांची मोजणी करण्याची तरतूद होती. जे मोजले जाते ते वाढते, या न्यायाने प्रमाणपत्रे वाढली. यात कोणाची अप्रामाणिकता शोधण्याचे कारण नाही. प्राचार्यांना आकडा हवा होता, आयोजक महाविद्यालयाला कार्यक्रमाची नोंद हवी होती, प्राध्यापकाला पदोन्नतीसाठी कागद हवा होता. तिघांच्याही गरजा भागल्या.

आशय, अध्यापन आणि साधन

ली शुलमन यांनी 1986 मध्ये मांडलेल्या विचाराला धरून पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 साली एक आराखडा मांडला. आशयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथे शिक्षकाचे खरे कौशल्य असते, असे त्याचे सार सांगता येईल. आपल्याकडील कार्यशाळांत ही तीन वर्तुळे स्लाइडवर आवर्जून दाखवली जातात. त्यानंतर लगेच गुगल क्लासरूममध्ये खाते कसे उघडावे याचे प्रात्यक्षिक सुरू होते आणि त्या वेळी सभागृहात रसायनशास्त्र, मराठी, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण यांचे प्राध्यापक शेजारी-शेजारी बसलेले असतात. म्हणजे आराखडा सांगितला जातो आणि त्याच तासाला मोडलाही जातो.

विषयाशी जोडलेले प्रशिक्षण कसे असू शकते याची कल्पना यावी म्हणून सांगलीचेच उदाहरण घेऊ. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर या शहराने अनुभवले. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळील कृष्णेची पाणीपातळी फुटांत जाहीर होते आणि तो आकडा नदीकाठच्या घराघरांत तोंडपाठ असतो. भूगोल किंवा संख्याशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी या पातळीच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरल्या, त्याच काळातील कोयना धरणाच्या विसर्गाचा आलेख शेजारी मांडला, तर विसर्ग वाढल्यानंतर किती तासांनी सांगलीत पाणी चढते हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहतो. येथपर्यंत साधनाचे काम. यापुढे शिक्षकाची कसोटी आहे. दोन आलेख बरोबरीने चढले म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. पाणलोट क्षेत्रातील पाऊस हे तिसरे कारण दोन्ही आलेखांना एकदमच वर नेते. अलमट्टीच्या फुगवट्याविषयी गावागावांत जो वाद चालतो तो वर्गात येणारच, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचे तरी घर त्या पाण्यात गेलेले असते. त्या वेळी पुराव्याची भाषा न सोडता आणि त्या विद्यार्थ्याचे दुःख न डावलता तास पुढे नेणे हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवले जाते? आलेख काढण्याची कळ दाखवायला दहा मिनिटे पुरतात. उरलेले सर्व काही त्या दहा मिनिटांपलीकडचे आहे.

भाषेच्या प्राध्यापकालाही असेच करता येईल. जत तालुक्याच्या कन्नड सीमेवरून येणारी विद्यार्थिनी आजीचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणते, माणदेशातून येणारा विद्यार्थी आपल्या गावचे आणतो, आणि बोलीविज्ञानाचा तास पुस्तकाबाहेर येतो. मात्र ध्वनिमुद्रणाचे लेखन कसे करावे, आजीची अनुमती कशी घ्यावी हे शिक्षकाने आधी स्वतः करून पाहिलेले असले पाहिजे.

कुमठे बीटचा धडा

सातारा तालुक्यातील कुमठे बीट हे नाव प्राथमिक शिक्षकांना सांगावे लागत नाही. महाविद्यालयीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतील शाळांचा गट. कुमठे बीटमध्ये सुमारे चाळीस शाळा होत्या. तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग केला. रांगेत बसणारी मुले गोलात आणि गटात बसू लागली. खडे, बिया, काड्या, मणी अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तू शैक्षणिक साहित्य झाल्या. मुले आपल्या गतीने वाचू-मोजू लागली. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात राज्यभरातून शिक्षकांच्या तुकड्या हे वर्ग पाहण्यासाठी सातारा गाठू लागल्या.

येथे तंत्रज्ञान कोठे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. बिया आणि खडे हेही साधनच आहे. नवे साधन वर्गात आणताना शिक्षक कसा शिकतो, एवढाच आपला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर संगणकाच्या वर्गापेक्षा कुमठ्यात अधिक स्पष्ट दिसते. भेटीला आलेला शिक्षक व्याख्यान ऐकत नव्हता, तर आपल्यासारख्याच पगाराच्या, आपल्यासारख्याच इमारतीतल्या, आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाचा चालू वर्ग पाहत होता. 'आमच्याकडे हे होणार नाही' ही सबब तेथे टिकत नसे. थॉमस गस्की या अभ्यासकाने 1986 मध्ये असे मांडले की, प्रशिक्षणाने आधी शिक्षकाची मनोवृत्ती बदलते आणि मग वर्ग बदलतो हा क्रमच उलटा आहे. मुले शिकताना प्रत्यक्ष दिसली की त्यानंतर मनोवृत्ती बदलते. कुमठ्याच्या शाळांनी गस्की वाचला होता की नाही हा मुद्दा गौण आहे.

परंतु या यशाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. कुमठ्याहून परतलेल्या अनेकांनी प्रथम काय केले? वर्गाची फरशी रंगवली. अंक, अक्षरे, सापशिडी, नकाशे यांनी राज्यातील असंख्य शाळांच्या फरश्या सजल्या आणि रंगवलेली फरशी म्हणजेच ज्ञानरचनावाद असा समज काही ठिकाणी रूढ झाला. कुमठ्यात त्या फरशीमागे शिक्षकांची चर्चा होती, मुलाच्या चुकीकडे पाहण्याची एक रीत होती, न जमल्यास दुसऱ्या दिवशी वेगळे करून पाहण्याची मोकळीक होती. ती मोकळीक छायाचित्रात येत नाही. त्यामुळे ती नक्कल करणाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही.

त्याच वर्षांत लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडले. प्रोजेक्टर, टॅब, स्मार्ट टीव्ही गावकऱ्यांनी हौसेने दिले. उद्घाटनाचे फोटो निघाले. याच काळात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. 2020 च्या जागतिक शिक्षक पुरस्काराने त्यांच्या कामाची दखल घेतली गेली. नंतर पाठ्यपुस्तकांतून क्यूआर कोड सर्वत्र पोहोचला. डिसले यांनी तो आपल्या वर्गाची गरज ओळखून योजला होता. इतरांना तो छापून मिळाला. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक भरून काढणे हेच प्रशिक्षणाचे काम होते.

या संदर्भात सातारच्या जुन्या परंपरेचेही स्मरण होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पुढे संस्थेने खेड्यापाड्यांत ज्या व्हॉलंटरी शाळा काढल्या त्यांच्या विस्तारामागे शिक्षक घडवण्याची ही दृष्टी होती. नावातील 'रूरल' हा शब्द शोभेचा नव्हता. कोणत्या गावात, कोणत्या मुलांपुढे उभे राहायचे आहे हे ठरवून शिक्षक तयार करावा, हा विचार त्यात होता. आजच्या ऑनलाइन कार्यक्रमांना पाटणच्या डोंगरी भागातील महाविद्यालय आणि पुण्यातील महाविद्यालय सारखेच दिसते.

तासांची मोजदाद

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षकांसाठी दरवर्षी किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. शाळेचे धोरण असले तरी तासांची ही भाषा महाविद्यालयांनाही अपरिचित नाही, म्हणून तिची चिकित्सा आवश्यक आहे. 2007 साली अमेरिकेत यून आणि सहकाऱ्यांनी 1300 हून अधिक अभ्यासांची छाननी केली. कठोर निकषांवर त्यांपैकी केवळ 9 टिकले आणि तेही सर्व प्राथमिक शिक्षकांविषयीचे होते. सरासरी 49 तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची संपादणूक सुमारे 21 शततमकांनी वाढू शकते, तर 14 तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही, असे त्यांना आढळले. या निष्कर्षातून 'पन्नास तास पुरे' असा अर्थ काढणे म्हणजे पुन्हा फरशी रंगवणे होय. एकाच प्रश्नावर वर्षभर विखुरलेले पन्नास तास आणि पंचवीस असंबद्ध वेबिनारांचे पन्नास तास यांची बेरीज सारखी असली तरी त्यांत साम्य काहीच नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकापासून हेच सांगितले : विवेचन, प्रात्यक्षिक आणि सराव यांच्यापुढे जाऊन वर्गात सहकाऱ्याची सोबत मिळाली तरच नवे कौशल्य टिकते. ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' या देशव्यापी उपक्रमात सुमारे 42 लाख शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. एवढ्या संख्येपुढे साखळी पद्धत अपरिहार्य ठरते, आणि साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचते ती सोबत नव्हे, स्लाइड.

आणखी एक गोष्ट तासांत मावत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली निर्णय घेतला की, रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतील. टाळेबंदीत अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण होते. गावाने जे ठरवले ते बरोबर की चूक, यावर मतभेद असू शकतात. परंतु साधन केव्हा बाजूला ठेवावे याचा विचार ग्रामसभेने केला, आणि शिक्षकांच्या तंत्रज्ञानविषयक कार्यशाळांच्या विषयपत्रिकेत तो क्वचितच आढळतो, ही वस्तुस्थिती शिक्षणक्षेत्राला भूषणावह नाही.

अग्रणी महाविद्यालय योजना आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक

शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात अग्रणी महाविद्यालय योजना आहे. एका महाविद्यालयाभोवती परिसरातील काही महाविद्यालयांचा गट केला जातो आणि त्या गटामार्फत विद्यार्थी-शिक्षकांसाठी उपक्रम होतात. प्रत्यक्षात या योजनेखाली बहुतांशी एकदिवसीय कार्यशाळा होतात : दीपप्रज्वलन, बीजभाषण, दोन सत्रे, आभार. वास्तविक, ज्या प्रकारच्या शिक्षणाची येथे चर्चा केली त्यासाठी यापेक्षा सोयीची रचना नाही. अंतरे कमी आहेत, विद्यापीठाचा अभ्यासक्रम समान आहे, विद्यार्थी एकाच पार्श्वभूमीचे आहेत. एखाद्या गटातील एकाच विषयाच्या पाच-सहा प्राध्यापकांनी एका सत्रासाठी एकच घटक निवडावा, प्रत्येकाने तो साधनाच्या साहाय्याने आपल्या वर्गात शिकवावा, इतरांनी मागच्या बाकावर बसून तो पाहावा आणि महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या वह्या समोर ठेवून बोलावे. यासाठी तज्ज्ञाचे मानधन लागत नाही, सभागृह लागत नाही. लागतो तो दुसऱ्याला आपल्या वर्गात येऊ देण्याचा मोठेपणा, आणि त्याचीच आपल्याकडे टंचाई आहे. प्राथमिक शिक्षकाला आपला वर्ग परक्यांनी पाहण्याची सवय झाली. प्राध्यापक मात्र वर्गाचे दार लावून घेतो आणि त्याला शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणतो.

या मांडणीतील सर्वांत मोठी अडचण मात्र मनोवृत्तीची नाही, पैशाची आहे. दोन्ही जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. त्यांतील बहुतेकांकडे स्वतःचा लॅपटॉप असतो, नव्या साधनांची भीती नसते, विद्यार्थ्यांशी वयाचे अंतरही कमी असते. तंत्रज्ञानाच्या बाबतीत विभागप्रमुख अनेकदा त्यांच्याकडूनच शिकत असतो, जरी तो तसे लिहून देणार नाही. परंतु त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. दुसऱ्या महाविद्यालयात सहकाऱ्याचा वर्ग पाहायला गेल्यास त्या दिवशीचे तास बुडतात आणि तेवढे पैसेही बुडतात. पदोन्नतीचा प्रश्नच नसल्यामुळे प्रमाणपत्राचा त्यांना उपयोग नसतो. म्हणजे ज्यांना शिकण्याची संधी मिळते त्यांना कागद हवा असतो, आणि ज्यांना कागदाची गरज नाही त्यांना संधीसाठी पदरमोड करावी लागते.

तेव्हा अग्रणी महाविद्यालयांच्या निधीतून पहिला खर्च करायचा तो बॅनर आणि स्मृतिचिन्हांवर नव्हे, तर गटातील तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भेटीच्या दिवसाचे मानधन आणि एसटीचे भाडे यांवर व्हावा. त्याचबरोबर गटातील महाविद्यालयांच्या वेळापत्रक समित्यांनी सत्राच्या सुरुवातीसच एकत्र बसून एका विषयाचे दोन तास एकाच वारी मोकळे ठेवले पाहिजेत. यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. जून महिन्यात प्राचार्यांनी एकमेकांना दूरध्वनी केला तरी ते होऊ शकते.